नगराध्यक्षांची पाटी



साताऱ्याच्या गादीवरचे छत्रपती आपल्याला ओळीने सांगता येतात. थोरले शाहू, रामराजे, धाकटे शाहू, प्रतापसिंह, अप्पासाहेब. सांगलीकरांना चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन ठाऊक असतात. १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे होऊन त्यांनी सांगलीला राजधानी केली. पण राज्य गेल्यावर ही गावे चालवली कोणी? पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटारे, मंडई, स्मशानभूमी यांचे ठराव ज्यांच्या सहीने झाले त्या नगराध्यक्षांची नावे विचारा. दोन-तीन नावांपुढे कोणी जात नाही. याचे मला वाईट वाटते, म्हणून आजचा हा विषय.

१८४८ मध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य इंग्रजांनी घेतले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, साताऱ्यात नगरपालिका स्थापन झाली. १८५५ मध्ये कऱ्हाडला झाली. सुरुवातीला कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या मुठीत होता. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, आणि पुढे हळूहळू गावातले वकील, व्यापारी, डॉक्टर निवडून येऊ लागले. देशाला स्वराज्य मिळण्याच्या कितीतरी आधी मत मागणे, ठराव मांडणे, अंदाजपत्रकावर भांडणे हे सारे आपले लोक या सभागृहांत शिकले.

नगराध्यक्ष काय करू शकतो, हे पाहायचे तर कऱ्हाडला जावे. पी. डी. पाटील यांनी तिथले नगराध्यक्षपद चार दशकांहून अधिक काळ सांभाळले. एकाच माणसाकडे इतकी वर्षे सत्ता असावी का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण भुयारी गटारासारखे काम एका मुदतीत पुरे होत नाही. आज खोदाई, उद्या पैशांची ओढाताण, परवा लोकांचा विरोध. मागचा ठराव लक्षात ठेवून पुढचा मांडणारा माणूस खुर्चीत लागतो. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे गाव २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले. त्याचे श्रेय त्या वेळच्या सफाई कर्मचाऱ्यांचे आणि नागरिकांचे आहेच. पण त्या यशाखाली जुनी पायाभरणी आहे, असे माझे मत आहे.

सांगलीची गोष्ट निराळी. फेब्रुवारी १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. सांगली आणि मिरज या दोन्ही गावांचे नगराध्यक्षपद त्याबरोबर संपले. त्यांच्या जागी तिघांचा मिळून एक महापौर आला. पद मोठे, मान मोठा. अधिकार मात्र कमी झाला, हे फारसे कोणी बोलत नाही. महापालिकेच्या कायद्यात कारभार चालवण्याची सत्ता आयुक्तांकडे असते. महापौर सभा चालवतात. नगराध्यक्षाचा रोजच्या कारभारात जितका हात असतो, तितका महापौराचा नसतो. मिरजेच्या माणसाला पूर्वी नळाची तक्रार आपल्याच गावच्या अध्यक्षाच्या दारात नेता येत होती. ते दार बंद झाले.

त्यात मुदतीची वाटणी आली. कायद्याने महापौराला अडीच वर्षे असतात. पक्षात इच्छुक जास्त झाले की त्याचेही तुकडे पडतात. साताऱ्यात राजघराण्यातल्या दोन्ही राजांच्या आघाड्यांचे मनोमिलन होऊन त्या एकत्र होत्या, तेव्हा तिथेही अध्यक्षपद वाटून घेतले गेले. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. फाइल समजेपर्यंत राजीनाम्याची वेळ येते, आणि चुकलेल्या कामाचा जाब कोणाला विचारायचा तेच कळत नाही. २०१६ मध्ये साताऱ्यात थेट निवडणूक झाली, माधवी कदम लोकांच्या मतांवर नगराध्यक्ष झाल्या आणि त्यांना पूर्ण मुदत मिळाली. माझ्या मते ही पद्धत अधिक सरळ. पुढे २०२१ अखेर साताऱ्याची आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सांगलीची मुदत संपली, आणि दोन्हीकडे प्रशासक आले.

बऱ्याच नगरपालिकांत अध्यक्षांच्या नावांची एक पाटी असते. नाव आणि साल, एवढेच तिच्यावर. कोणी कोणता ठराव केला, कोणी कशाला विरोध केला, हे सभेच्या जुन्या इतिवृत्तांत असते. सांगलीने पुराचे पाणी पाहिलेले आहे, हे ध्यानात ठेवून ती दप्तरे जपली पाहिजेत. २००५ आणि २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. प्रत्येक पानाची छायाप्रत आधी काढावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकेका दशकाची इतिवृत्ते वाचायला द्यावीत. १९९८ पूर्वी सांगली आणि मिरजेच्या नगरपालिकांत काम केलेले सदस्य, कारकून, मुकादम आज आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.