जगात जर्मनी, भारतात परभणी, पण बिघडलेल्या जॉबचे पैसे कोण भरणार?

आजचा विषय आयटीचा नाही, आयटीआयचा आहे. ज्यांना कानात घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'बेसिकली' थोडे कमी केलेत.

दिवाळीनंतर मानवतला मामाकडे गेलो होतो. मामाचं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा सेट, आणि मामा धरून पाच माणसं. कापसाचा सीझन सुरू झाला की जिनिंगवाले रात्री-अपरात्री येतात. त्या दिवशीही नऊ वाजता एक जण शाफ्ट घेऊन आला. बेअरिंग बसतं ती जागा झिजलेली. शाफ्ट मिळेपर्यंत मशीन बंद, बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या. मामाचं वय साठीच्या पुढं, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि लेथवर हात फक्त त्यांचाच चालतो. बाकीचे वेल्डिंग करतात, उचल-ठेव करतात. मी म्हणलं, "मामा, एखादं पोरगं ठेवा ना हाताखाली. आयटीआय झालेली कितीतरी फिरायलीत."

मामा म्हणाले, "ठेवली होती की. चार ठेवली. चारी शिकली अन् चारी गेली. एक रांजणगावला, एक चाकणला, दोघं वाळूजला. मी शिकवायचं अन् कंपनीनं न्यायचं. तूच सांग बाबा, मी वर्कशॉप चालवायलो का शाळा?"

मी गप्प. मग त्यांनी कोपऱ्यातला ढीग दाखवला. भंगारात पडलेले शाफ्ट. वर्कशॉपमध्ये कामाच्या तुकड्यालाच 'जॉब' म्हणतात. एका पोरानं मायक्रोमीटर वाचताना चूक केली आणि पाव मिलिमीटर जास्त कापलं. पाव मिलिमीटर! बेअरिंग त्याच्यावर सैल फिरतं, म्हणजे सगळा तुकडा वाया. लोखंड मामाचं, वीज मामाची, चार तास मामाचे, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या पण मामालाच.

मला माझी नोकरीची सुरुवात आठवली. बीटेक करून कंपनीत लागलो तेव्हा पहिले चार महिने मी कंपनीला एक रुपयाचं काम करून दिलं नाही. नुसतं शिकत होतो, आणि पगार पूर्ण मिळत होता. तिसऱ्या आठवड्यात मी सरावाचा सगळा डेटाबेस उडवला. शिकवणारे हसले, दहा मिनिटांत बॅकअप परत टाकला, विषय संपला. कॉम्प्युटरवर चूक फुकटात होते हो. लेथवर प्रत्येक चुकीला वजन असतं, किलोच्या भावानं. आणि चुका केल्याशिवाय टर्नर तयार होत नाही. म्हणून मला वाटतं, कौशल्य, स्किल इंडिया वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवून आधी एवढंच विचारावं: शिकणाऱ्याच्या हातून बिघडलेल्या जॉबचे पैसे कुणी भरायचे?

आत्ता ते दोघं भरतात. एक मामासारखा छोटा वर्कशॉपवाला. दुसरं, पोराचं घर.

घराचं सांगतो. माझ्या मावसभावानं टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स केला, चांगले मार्क घेतले आणि एका कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. नाव घेत नाही. स्टायपेंड सात हजार. परभणीहून छत्रपती संभाजीनगर रेल्वेनं पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे रोज अप-डाऊन शक्यच नाही. खोलीत चौघं, मेस, कंपनीपर्यंत शेअर रिक्षा, असे मिळून साडेसहा हजार जायचे. तेही स्टायपेंड वेळेवर आला तर. पहिले दोन महिने आलाच नाही. मावशीनं घरून पैसे पाठवले, ते कापसाचे होते. म्हणजे बघा, मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षण आमच्या मावशीच्या कापसावर चाललं होतं. पाचव्या महिन्यात तो परत आला. आज परभणीत मोबाइलच्या दुकानात बसतो. आणि लोक म्हणतात, 'मराठवाड्यातल्या पोरांना टिकायची सवय नाही.' राग येतो राव.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१९ मध्ये त्याचे नियम बदलले. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. आयटीआय झालेल्याला किमान सात हजार. राष्ट्रीय प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे, तिच्यात केंद्र सरकार स्टायपेंडचा पंचवीस टक्के वाटा उचलतं, पण महिन्याला जास्तीत जास्त पंधराशे. २०२३ पासून हा वाटा थेट पोराच्या खात्यात जमा होतो. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय परिषदेनं स्टायपेंड ३६ टक्के वाढवायची शिफारस केली. चांगलंच आहे. पण वाढीतला मोठा भाग मालकानं द्यायचा, आणि मामाच्या ढिगाऱ्यातल्या शाफ्टचा हिशोब त्यात कुठंच नाही.

राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना तुम्हाला माहीत असेलच. बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा हजार, सगळे सरकारचे. आमच्याकडं बऱ्याच जणांनी घेतली, पण सरकारी कार्यालयात, टेबलावर. मुदत आधी सहा महिने, नंतर पाच वाढवले. मुदत संपली की पोरं 'कायम करा' म्हणून रस्त्यावर. त्यांची चूक नाही. पण सहा महिन्यांत टर्नर होत नाही, हे कुठलाही टर्नर सांगेल.

आणि एक मोठा आकडा: साठ हजार कोटी. देशातल्या हजार आयटीआय सुधारण्यासाठी केंद्राची योजना, त्यात तीस हजार केंद्राचे, वीस राज्यांचे, दहा उद्योगांचे. नव्या मशीन येतील. यायलाच पाहिजेत, कारण बिडकीनला टोयोटा किर्लोस्करनं वीस हजार कोटींचा सामंजस्य करार केलाय, एथर येतंय, आणि तिथं सीएनसी चालवणारी माणसं लागणार. पण सीएनसी एकदा विकत घेतली की संपत नाही. तिला कूलंट लागतं, वीज लागते, आणि इन्सर्ट लागतात. इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक, नखाएवढं, काही शे रुपयांचं. नवशिक्यानं चुकीचा फीड दिला की टक्, गेलं. फीत कापायला पैसे मिळतात, इन्सर्टला मिळतात का, हे विचारा. इन्सर्ट मोजून मिळाले की शिकवणारा मशीनला हात लावू देत नाही. मग पोरगं दोन वर्षं मशीन बघतं.

आता जर्मनीकडे येऊ. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण छाती फुगवून म्हणतो, पण जर्मनी करते काय ते बघत नाही. तिथं पोरगं आधी कंपनीशी करार करतं. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं. पगार पहिल्या दिवसापासून, आणि २०२० पासून त्याला कायद्यानं किमान मर्यादा: पहिल्या वर्षी महिन्याला ५१५ युरोपासून सुरुवात, नंतर वाढत गेली. परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्यांच्या बांधकाम क्षेत्रातली आहे. तिथं सगळ्या कंपन्या एका सामायिक निधीत पैसे भरतात, आणि जो शिकवतो त्याला खर्चाचा मोठा भाग त्यातून परत मिळतो. शिकवून पोरगं दुसऱ्याकडं गेलं तरी त्या दुसऱ्यानं आधीच पैसे भरलेले असतात. मामाचं दुखणं त्यांनी असं सोडवलं.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणासाठी एक टक्का उपकर आपल्याकडं १९९६ पासून कायद्यात आहे. तसाच एक छोटा निधी जिल्ह्यातल्या जिनिंग, साखर कारखाने आणि इथून पोरं नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून का नको? त्यातून दोनच गोष्टी द्या: बाहेरगावी शिकणाऱ्याच्या खोलीचं भाडं, आणि शिकवणाऱ्या वर्कशॉपला बिघडलेल्या मालाचे पैसे. 'लोक खोटे बिघडलेले शाफ्ट दाखवतील' असं माझा एक मित्र म्हणाला. दाखवतीलही. म्हणून वजनावर देऊ नका, पोरगं परीक्षा पास झाल्यावर एकरकमी द्या.

निधी होईल तेव्हा होईल. त्या रात्री मी मामांना सांगितलं की चार माणसांच्या वरचं वर्कशॉपसुद्धा स्वतःहून शिकाऊ उमेदवार घेऊ शकतं. त्यांना माहीतच नव्हतं. मोबाइलवर पोर्टल उघडून त्यांची नोंदणी करायला बसलो. मी रोज असल्या वेबसाइट बनवतो, तरी मला दोन संध्याकाळी लागल्या. मामा बाजूला बसून म्हणायचे, "हे तुला जमंना, मला काय जमणार?" शेवटी झाली. करार व्हायचाय. मुलगा नाही, मुलगी मिळालीय, शेजारच्या गावची, टर्नर ट्रेड झालेली. रोज घरून येणार, म्हणजे खोलीचा प्रश्नच मिटला.

मामांनी भंगाराचा ढीग अजून विकलेला नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आधी ह्याच्यावरच कापायला लावतो तिला."

तुमच्यापैकी कुणी शिकाऊ उमेदवार असेल तर व्हॉइस नोट पाठवा: स्टायपेंड किती, खोलीला किती जातात, आणि घरून किती मागवावे लागतात. नाव सांगू नका, कंपनीचंही नको. पुढच्या भागात ते आकडे वाचून दाखवतो.