पाणबुड्याचा श्वास

सायकलचा पंप मारताना तो तापतो, हे आपल्या भोईवाड्यातील पोरेही जाणतात. हवा दाबली की तापते. मोकळी सुटली की निवते. पाणबुड्याच्या नळकांड्यातील सुमारे 200 पट दाबाची हवा श्वासाजोगी करणारी झडप कुस्तो व गान्यां यांनी 1943 साली सिद्ध केली. 40 मीटरवर दाब पाचपट. म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही पाचपट लागते आणि झडप अधिकच निवते. तारकर्लीच्या उबदार समुद्रात याचे भय नाही. परंतु 10 अंशांखालच्या पाण्यात झडपेत बर्फ धरू शकतो. ती उघडीच राहते आणि साठा काही मिनिटांत संपतो. म्हणून जाणते पाणबुडे तेथे दोन स्वतंत्र झडपा नेतात व श्वास संथ ठेवतात. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे : यंत्राचा स्वभाव ओळखल्यावाचून त्याच्या हाती जीव देऊ नये.