हरलेलीलाही पटेल अशी स्पर्धा

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)



मार्च महिना जवळ आला की महिला दिनाच्या निमित्तानं गावोगावी स्पर्धांची तयारी सुरू होते. रांगोळी, पाककृती, संगीत खुर्ची या तर असतातच, पण बऱ्याच मंडळांत आता कॅरमही आला आहे. हॉलमध्ये चार बोर्ड मांडायचे, नावं घ्यायची, चिठ्ठ्या टाकायच्या आणि संध्याकाळी बक्षिसं वाटायची. ऐकायला किती सोपं! पण स्पर्धा झाल्यावर आठवडाभर नळावर, गिरणीत, बचत गटाच्या बैठकीत जी कुजबुज चालते ती तुम्हीही ऐकली असेल. ‘अध्यक्षबाईंच्या जावेला पहिल्या फेरीत खेळावंच लागलं नाही.’ ‘माझ्या वेळी बोर्डावर पावडरच नव्हती.’ ‘राणी कव्हर झालीच नव्हती, तरी गुण दिले.’

यातल्या बहुतेक कुरबुरींमागे कुणाची लबाडी नसते. नियम आधी ठरलेले नसतात, एवढंच. खेळ सुरू झाल्यावर ठरवलेला नियम कितीही बरोबर असला तरी तो कुणाच्या तरी बाजूचा दिसतो. म्हणून आज मी कॅरमची स्पर्धा सगळ्यांना पटेल अशी कशी घ्यायची, ते सांगणार आहे. त्यासाठी माझी कसोटी एकच आहे: पहिलाच सामना हरलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा नाव देईल का?

सुरुवात करू या नाव नोंदवण्यापासून. कोण खेळू शकेल आणि कोण नाही, हा न्यायाचा पहिला प्रश्न असतो. १९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर अवघी १३ वर्षांची होती. पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत ती खेळायला बसली तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून दूर ठेवता येणार नाही. एका शाळकरी मुलीनं पटावरची जागा सोडली नाही, म्हणून पुढच्या कितीजणींचा रस्ता मोकळा झाला.

आपल्या छोट्या स्पर्धेतही अशी न दिसणारी दारं बंद असतात. हळदीकुंकवाला जोडून स्पर्धा ठेवली, तर ज्या मैत्रिणींना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, त्यांचे पाय उंबऱ्याशीच अडतात. म्हणून स्पर्धेचा दिवस वेगळा ठेवा. सकाळची वेळ ठेवली तर शेतावर जाणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत. प्रवेश फी जास्त ठेवली तर विचारायच्या आधीच त्या ‘नको बाई’ म्हणतात. लहान मूल असलेलीसाठी शेजारच्या खोलीत एक सतरंजी आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक आजी, एवढी सोय केली तरी चार नावं वाढतात.

आता नियमांचा कागद. स्पर्धेच्या आठ दिवस आधी एका कागदावर सगळं लिहा आणि मंडळाच्या फळ्यावर लावा. शेवटची तारीख, फी, सामना किती बोर्डांचा, किती मिनिटांचा, उशिरा येणारीची वाट किती वेळ पाहायची, बरोबरी झाली तर काय, पंच कोण. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बैठकीत तो कागद मोठ्यानं वाचून दाखवा. एकदा लावलेला कागद मग अध्यक्षबाईंसाठीही बदलायचा नाही.

संघटनेच्या मोठ्या स्पर्धांत एक गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा असतो. जे आधी होईल त्यावर गेम संपतो. प्रतिस्पर्ध्याच्या जितक्या सोंगट्या बोर्डावर उरतील तितके गुण, आणि आपण राणी कव्हर केली असेल तर आणखी ३. मात्र आपले २२ गुण झाले, की पुढे राणीचे गुण मिळत नाहीत. घरी खेळणाऱ्या बऱ्याच जणींना हे शेवटचं माहीत नसतं आणि ऐन सामन्यात वाद होतो. मंडळाच्या स्पर्धेत इतका लांब गेम परवडत नाही. तिथे ४ बोर्डांचा सामना ठेवा. का बरं ४? ब्रेक करणारीला पांढऱ्या सोंगट्या आणि पहिली संधी मिळते. ब्रेक आलटून पालटून येतो, म्हणून बोर्डांची संख्या सम असली तर दोघींना सारखे ब्रेक मिळतात. ३ बोर्डांचा सामना ठेवलात तर एकीला दोन आणि दुसरीला एकच ब्रेक मिळेल, आणि तिथेच अन्याय सुरू होईल. नवशिक्या जास्त असतील तर २ बोर्ड ठेवा, पण संख्या सम ठेवा. गुण सारखे झाले, तर टॉस करून एक जादा बोर्ड खेळवा.

यापुढे मी जे सांगणार आहे, ते कागद-पेन्सिल घेऊन ऐका. स्पर्धेचा आराखडा कसा करायचा, यावर हरलेलीचं समाधान सर्वांत जास्त अवलंबून असतं.

समजा १६ जणींनी नावं दिली आणि आपल्याकडे ४ बोर्ड आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाद पद्धत असते: हरली की घरी. यात फक्त १५ सामने होतात, त्यामुळे आयोजकांना ती सोयीची वाटते. पण पहिल्या फेरीनंतर ८ जणी, म्हणजे निम्म्या बायका, एकच सामना खेळून बाहेर पडतात. जरा विचार करा. तिनं सकाळी दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवला, सासूबाईंना विचारलं, मुलाला शेजारी सोडलं आणि फी भरली. चिठ्ठीत तिच्यासमोर गेल्या वर्षीची विजेती आली. २० मिनिटांत ती परत घरी. घरचे विचारतात, ‘झालं इतक्यात?’ ती पुढच्या वर्षी नाव देत नाही, आणि आपण म्हणतो, बायकांमध्ये उत्साहच नाही!

दुसरी पद्धत साखळीची. प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं. यासारखी न्याय्य पद्धत नाही, पण १६ जणींचे सामने होतात १२०. चार बोर्डांवर ३० पाळ्या, एका पाळीला २५ मिनिटं धरली तर साडेबारा तास. सहाजणी असतील तर साखळी उत्तम, कारण १५ सामन्यांत काम होतं. १६ जणींना ती झेपत नाही.

तिसरी पद्धत बुद्धिबळातली आहे. तिला स्विस म्हणतात, कारण १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरातल्या एका बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. कॅरमलाही ती छान लागू पडते. यात कुणीच बाद होत नाही. पहिल्या फेरीच्या जोड्या चिठ्ठ्यांनी लावायच्या. दुसऱ्या फेरीत जिंकलेल्या जिंकलेल्यांशी आणि हरलेल्या हरलेल्यांशी खेळतात. तिसऱ्या फेरीत २ विजय असलेल्या आपसात, १ विजय असलेल्या आपसात, आणि एकही विजय नसलेल्या आपसात. गटातल्या जोड्याही चिठ्ठ्यांनीच लावायच्या, फक्त एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही. गटात एक नाव उरलं, तर ते खालच्या गटातल्या एकीशी जोडायचं.

१६ जणींना अशा ४ फेऱ्या पुरतात. सामने होतात ३२, चार बोर्डांवर ८ पाळ्या, म्हणजे ३ तास २० मिनिटं. दुपारी एकला सुरू केलं तर पाचला बक्षीस समारंभ. सगळं सुरळीत जुळलं तर शेवटी चारही सामने जिंकलेली एकच उरते. ती विजेती. ३ विजयांच्या ४, २ विजयांच्या ६, १ विजयाच्या ४, आणि एकही सामना न जिंकलेली अशी एकच. पाहा, १६ पैकी १५ जणी किमान एक विजय घेऊन घरी जातात, आणि प्रत्येकीला चार सामने मिळतात. पहिल्या सामन्यात विजेतीकडून हरलेलीला पुढे आपल्या तोडीची जोडीदार मिळते. तिचा हात बसतो आणि खेळही सुधारतो.

आता तुम्ही विचाराल, ३ विजयांच्या चौघींमध्ये दुसरी-तिसरी कोण? यालाही बुद्धिबळवाल्यांनी तोड काढली आहे. प्रत्येकी ज्या चौघींशी खेळली, त्या चौघींच्या विजयांची बेरीज करायची. समजा, एकीच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय ४, ३, २ आणि १, म्हणजे १०. दुसरीच्या प्रतिस्पर्ध्यांचे ३, २, १ आणि शून्य, म्हणजे ६. दोघींचे विजय तीनच, पण पहिली जास्त तगड्या बायकांशी खेळली, म्हणून ती वर. ही बेरीजही सारखी आली तर चारही सामन्यांतले गुण पाहायचे. हे सगळं मात्र आधीच्या कागदावर लिहिलेलं हवं. बक्षिसाच्या वेळी सांगितलं तर कुणीच ऐकून घेणार नाही.

नावं विषम आली, समजा १५ आली, तर एका फेरीत एकजण न खेळता पुढे जाते. तिला त्या फेरीचा विजय धरायचा. पहिल्या फेरीत ही पुढे चाल चिठ्ठीनं द्या, नंतर सर्वांत कमी विजय असलेलीला द्या, आणि एकीला दोनदा कधीच देऊ नका. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उचला. डब्यात किती चिठ्ठ्या आहेत ते आधी मोजून दाखवा आणि नातेसंबंध नसलेल्या एखाद्या लहान मुलीला उचलायला लावा. अध्यक्षबाईंच्या जावेला अशी पुढे चाल मिळाली तरी मग कुणी बोलणार नाही, कारण सगळ्यांनी पाहिलेलं असेल.

बोर्डांबद्दल थोडंसं. घराघरांतून गोळा केलेले बोर्ड सारखे नसतात. एक गुळगुळीत, एकाला मधे पोक, एकाची जाळी फाटकी. आदल्या दिवशी सगळ्या बोर्डांवर खेळून पाहा आणि खराब बोर्ड बाजूला ठेवा. मग फेरीगणिक बोर्ड बदला, म्हणजे चांगल्यावाईटाची वाटणी सगळ्यांत होईल. पावडर मंडळानं एकच आणावी आणि प्रत्येक सामन्याआधी पंचानं ती पसरावी. स्ट्रायकर ज्याचा त्याचा चालेल, पण त्याचं वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. सोनाराच्या काट्यावर दोन मिनिटांत कळतं. खिडकीचा उजेड एकीच्याच डोळ्यांवर येत असेल तर अर्ध्या सामन्यानंतर जागा बदलून घ्या.

पंच स्पर्धक नसावी. आई, बहीण, सून, जाऊ खेळत असेल तर त्या बोर्डावर पंच म्हणून बसू नये. शाळेतल्या कॅरम खेळणाऱ्या मुली हे काम फार नेटकेपणानं करतात. तक्रार असेल तर सोंगट्यांना हात न लावता तिथल्या तिथे सांगायची. प्रेक्षकांनी ‘अगं, ती मार ना!’ म्हणायचं नाही. हे पाळणं सर्वांत अवघड, तेव्हा खुर्च्या थोड्या लांबच ठेवा!

शेवटी पैसे. फी किती जमली, पावडर, चहा, बक्षिसं यांवर किती गेले, हे त्याच दिवशी वाचून दाखवा. सगळी रक्कम पहिल्या बक्षिसात घालण्याऐवजी एक बक्षीस पहिल्यांदाच खेळणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूला द्या. आणि सगळ्या सामन्यांचे गुण लिहिलेला तक्ता आठ दिवस भिंतीवर राहू द्या. बायका येतात, आपलं नाव शोधतात, बोट ठेवून शेजारणीला दाखवतात, ‘ही बघ, हिला मी हरवलं.’ चूक असली तर तीही तेव्हाच सापडते.

नियमांचा कागद आजच करायला घ्या. चार जणींनी एकत्र बसलं तर तासाभरात होतो. आणि पहिल्या वर्षी सहाच नावं आली तरी स्पर्धा घ्या; साखळी खेळवा, प्रत्येकीला पाच सामने मिळतील.