येळवस आणि विलायतेतील एक निसर्गपंथ



आज आम्ही ज्या पंथाविषयी बोलणार आहोत त्याचे नाव 'विक्का'. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून हा शब्द गेला नसेल, आणि ज्यांच्या कानावर गेला असेल त्यांनी त्याचा अर्थ 'चेटूक' असा ऐकला असेल. इंग्रजीतील 'विच' या शब्दाला आपण चेटकीण, डाकीण असे प्रतिशब्द देऊन मोकळे झालो. आता जे लोक स्वतःस 'विच' म्हणवून घेतात, मुंगीलाही पाय लागू नये अशा वृत्तीने राहू पाहतात, त्यांची ओळख मराठीत करून द्यावी कशी, ही मोठी पंचाईत आहे. कारण आपल्याकडे चेटकीण ही केवळ गोष्टीतली म्हातारी नव्हे. सातपुड्याच्या पट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण केल्याच्या, गावाबाहेर घातल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर, त्याच वर्षी झाला. अमकी बाई करणी करते असा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

युरोपाने तर या शब्दापायी रक्ताचे पाट वाहविले. पंधराव्या शतकापासून अठराव्यापर्यंत तेथे चाळीस ते साठ हजार माणसे चेटकाच्या आरोपाखाली मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. इंग्लंडात फाशी देत, इतरत्र पुष्कळ ठिकाणी जाळीत. पुढे १७३५ साली ब्रिटिश पार्लमेंटाने निराळा कायदा केला. चेटूक करणे हा अपराध उरला नाही. चेटूक येते असा बहाणा करणे हा अपराध ठरला. हा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थाने पुस्तक लिहून जगास सांगितले की, जुन्या चेटकिणींचा धर्म अद्याप जिवंत आहे आणि आपण त्यात दीक्षा घेतली आहे.

हे गार्डनर काही अरण्यातले साधू नव्हते. त्यांची ऐन उमेदीची वर्षे सिलोन आणि मलाया येथे गेली. आधी मळ्यांवर, नंतर सरकारी जकात खात्यात. त्यांनी ज्या मताचा आधार घेतला ते मत मार्गारेट मरे या विदुषीचे. या बाईंचा जन्म १८६३ साली आपल्या कलकत्त्यात झाला होता. युरोपात मारल्या गेलेल्या चेटकिणी या वस्तुतः ख्रिस्तपूर्व निसर्गधर्माच्या उपासक होत्या, असे त्यांनी १९२१ मध्ये मांडले. इतिहासकारांनी पुढे हे मत सपशेल अमान्य केले. रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली या पंथाचा सविस्तर इतिहास लिहिला. त्यावरून स्पष्ट दिसते की, विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडात घडलेला नवा धर्म आहे.

नवा असला म्हणून तो खोटा ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ नंतरचा. तो नवा म्हणून कोणी आरतीचे ताट खाली ठेवले नाही. मात्र नव्याने जुन्याचे सोंग घेऊ नये, इतकेच. आज त्या पंथातील अनेक विचारी माणसे हे मोकळेपणाने मान्यही करतात.

त्यांची उपासना कशी असते ते थोडक्यात सांगतो. देवी आणि देव अशी दोन रूपे बहुतेक जण मानतात. चंद्र हे देवीचे प्रतीक, पौर्णिमेला मेळावा. सर्वांवर बंधनकारक असा एक ग्रंथ नाही, सर्वांचा एक धर्मगुरू नाही. वर्षाला आठ सण : दोन अयने, दोन विषुवदिने, आणि त्यांच्या मधले चार. ३१ ऑक्टोबरला मृतांची आठवण, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखे काही. सैतानाशी त्यांचा संबंध नाही, कारण सैतान हे पात्रच मुळी ख्रिस्ती कथेतले. नीतीचा मुख्य नियम असा की, ज्याने कोणास इजा होत नाही ते खुशाल करावे. अमेरिकेत २००७ साली सरकारने, युद्धात पडलेल्या विक्कापंथी सैनिकांच्या थडग्यांवर त्यांचे पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरण्यास मान्यता दिली. ते लोक मंत्रतंत्रही करतात. तो भाग आम्हांस पटत नाही. मंत्राने पाऊस पडत नाही आणि करणीने कोणी मरत नाही, हे या व्यासपीठावरून स्पष्ट सांगितलेले बरे.

आता, हे सारे चाकूरच्या माणसाने कशासाठी ऐकावे? तर त्यांना जे पुस्तकांतून जुळवावे लागले ते आपल्या दारात आहे, म्हणून. येळवस ही आपली. पंचांगात मार्गशीर्ष अमावास्या म्हणतात, कागदोपत्री 'वेळ अमावास्या' लिहितात, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात तिलाच एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी स्थानिक सुटी असते. लातूर शहराचे रस्ते असे ओस पडतात की परगावच्या पाहुण्यास संचारबंदी लागली की काय असे वाटावे. पुण्यामुंबईच्या मित्रांना आम्ही या सणाविषयी सांगतो तेव्हा ते दिवाळी-दसऱ्याच्या यादीत त्याचे नाव शोधू लागतात.

आदल्या रात्री घरोघर चूल विझत नाही. बायका रात्र जागवून भज्जी रांधतात. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, चिंच, डाळीचे पीठ. एका भांड्यात सारा रब्बी हंगाम. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताकात ज्वारीचे पीठ घालून केलेले आंबील. सकाळी आंबिलाचे मडके डोक्यावर घेऊन माणूस शेताची वाट धरतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात. कडब्याची कोप उभारलेली, आत पाच दगड चुन्याने-कावेने रंगवून मांडलेले. ते पाच पांडव. शेजारी शेताची लक्ष्मी. नैवेद्य दाखवायचा आणि चांगभलं म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडायचे. मूर्ती घडवावी लागत नाही, भटजी बोलवावा लागत नाही. काही गावी संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फेरीही घालतात.

आणि पंगतीला कोण? ज्याला शेत नाही तो आधी. मास्तर, पोस्टातला कारकून, मुसलमान शेजारी, एसटीचा कंडक्टर, सर्वांना आवतण. इंग्लंडातल्या विक्कापंथीयाला ही पंगत मिळत नाही. त्याची देवी चंद्रात असते, परंतु त्याला स्वतःच्या नांगराखालची जमीन बहुधा नसते. तो शहरात राहतो आणि गच्चीवरच्या कुंडीत औषधी पाला लावतो. ही त्याची उणीव.

आपली उणीव निराळी आहे. आपल्याकडे सण आहे, त्याचा नियम नाही. वर्षात एक दिवस आपण जमिनीला आंबील पाजतो आणि उरलेले दिवस तिच्या पोटात कूपनलिकेचे भोक पाडीत खाली खाली जातो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आले. पाऊस कमी झाला होता हे खरे. परंतु त्याच दुष्काळी पट्ट्यात उसाला पाणी पाजले जात होते, हेही खरे. 'कोणास इजा नको' हा परक्यांचा नियम आम्ही विहिरीशी उभे राहून म्हणून पाहिला, तेव्हा तो फार महाग वाटला. ज्या उसाचा पैसा आपल्या मुलांच्या शिक्षणाला लागतो, तोच शेजारच्या आडाचे पाणी ओढतो. या अडचणीचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही, परंतु लक्ष्मीपुढे नारळ फोडताना ती विसरता येऊ नये.

दुसरी गोष्ट भगिनींसाठी, आणि त्यांच्याहून अधिक बंधूंसाठी. कोपीतली शेताची देवता लक्ष्मी, म्हणजे स्त्री. रात्रभर जागून नैवेद्य करते ती स्त्री. खुरपणी-वेचणीला वाकते तीही स्त्री. सातबाऱ्याचा उतारा काढून पाहा, तेथे तिचे नाव किती घरांत आढळते ते मोजा. आणि तीच बाई विधवा होऊन जमिनीचा वाटा मागू लागली की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. कोणाच्या घरी मूल आजारी पडले की कुजबुज सुरू होते. चेटकिणीचा आळ पुष्कळदा असा बांधावर जन्मतो. येळवशीचे निमंत्रण देताना अशी एखादी बाई आपल्या गल्लीत राहून तर गेली नाही ना, हे पाहण्यास कायदा लागत नाही.

कोणी विचारील की, मग विक्का घ्यावा काय? आम्ही म्हणू, तो येथे रुजायचाच नाही. त्यांचा मे महिन्याचा पहिला दिवस फुलांचा. आपल्या काळ्या रानाला त्या वेळी भेगा पडलेल्या असतात आणि शेतकरी नांगरटीत गुंतलेला असतो. दक्षिण गोलार्धात, ऑस्ट्रेलियात, याच पंथाच्या लोकांना सारे सण सहा महिन्यांनी उलटे करावे लागले. निसर्गाची उपासना करणाऱ्याने आधी आपल्या गावचा निसर्ग ओळखला पाहिजे.

आणि आपल्या तालुक्यात तर वडवळ नागनाथचे बेट आहे. वनौषधींसाठी त्याची ख्याती आहे. उत्तरा नक्षत्रात माणसे तेथे पाला खाण्यास लांबून येतात. त्या पाल्याने कोणता रोग बरा होतो हे वैद्यांनी आणि डॉक्टरांनी तपासावे. आमची विनंती येथे जमलेल्या शिक्षकांना आहे. बेटावरची झाडे नावानिशी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायामाणसांना मुलांबरोबर एकदा तेथे न्यावे, प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव, ते केव्हा फुलते, त्याचे काय वापरतात, पाला खुडतात की मूळ उपटतात, हे वहीत उतरवून घ्यावे. उत्तरा नक्षत्र सप्टेंबरात लागते.