पायऱ्यांचे गुण
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं कशावरही बोल." मी विषय कळवला तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. शाळेच्या मेळाव्यात ऑनलाइन पोकरवर बोलायचं, तेही सर आणि बाई पहिल्या रांगेत असताना! पण हा विषय मी सरांमुळेच निवडला आहे.

दहावीच्या बीजगणितातलं संभाव्यतेचं प्रकरण आठवतंय? ५२ पानांच्या कॅटमधून एक पान काढलं, तर ते बदामचं असण्याची संभाव्यता किती? सरांनी त्या दिवशी वर्गात खरा कॅट आणला होता. शेवटच्या बाकावरच्या आम्हा चौघांना तो सराईतपणे पिसता येतो हे पाहून सर काही बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिले.

पुढे २०२० साली टाळेबंदीत घरी बसलो आणि मोबाइलवर पोकर खेळायला लागलो. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकलेली. मध्ये पाच पानं सगळ्यांसाठी उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे. या सातांतून ज्याची पाच पानं सगळ्यांत चांगली, त्याचा डाव.

एका रात्री माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची नव्वी आली. मध्ये उघडलं काय, तर बदाम राजा, बदाम चौकी आणि इस्पिक सत्ती. म्हणजे माझे चार बदाम झाले. पाचवा आला की कलर, आणि तोही एक्क्याचा. पण आत्ता, या घडीला, माझ्या हातात साधी जोडीसुद्धा नाही. अशा अपुऱ्या हाताचं काय करायचं, हाच पोकरमधला सगळ्यांत अवघड प्रश्न.

पॉटमध्ये ६०० रुपये होते. समोरच्याने ३०० लावले. आता मला ३०० भरायचे की पानं टाकायची?

हे गणित सरांच्या फळ्यावर मांडू. मला पाच पानं दिसतात, न दिसणारी ४७. त्यांत बदाम ९. पुढचं पान बदाम असण्याची संभाव्यता ४७ पैकी ९, म्हणजे साधारण १९ टक्के. उलट किंमत बघा. ३०० भरले की पॉट होतो १२००. त्यातले ३०० माझे, म्हणजे चौथा हिस्सा. शंभरातून पंचवीस वेळा तरी जिंकलो, तर हिशेब बरोबरीत सुटतो. एकोणीस पंचवीसपेक्षा कमी. म्हणजे पानं टाका.

पण मी मनात दुसराच आकडा धरला. अजून दोन पानं उघडायची आहेत, आणि दोन्ही मिळून बदाम येण्याची संभाव्यता ३५ टक्के आहे. ३५ तर २५ पेक्षा जास्त! इथेच गफलत होती. दोन्ही पानं एकाच किमतीत मिळणार असतील, म्हणजे दोघांपैकी एकाने सगळे पैसे लावून झाले असतील, तरच तो आकडा धरायचा. नाहीतर समोरचा पुढच्या पानाला पुन्हा पैसे मागणार.

टाकण्याखेरीज इतर वाटाही होत्या. बदाम लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल असं वाटत असेल, तर भरणं योग्य ठरतं. माझ्या डावात ते आणखी निदान ३६७ रुपये मिळायला हवे होते. पण मध्ये तीन बदाम उघडे पडल्यावर तोही सावध होतो. तिसरी वाट म्हणजे आपणच रक्कम वाढवायची. तो घाबरून पानं टाकेल, किंवा आपलं पान लागेल. जिंकायचे दोन रस्ते. मात्र तो टाकण्याजोगा असला पाहिजे. आणि नऊच्या नऊ बदाम निर्धोक आहेत का, हेही बघायचं. बदाम सत्ती आली की मध्ये सत्त्यांची जोडी होते. समोरच्याकडे तीन राजे असले, तर त्याचा फुल हाऊस होतो आणि माझा कलर वाया.

हे सगळं ठरवायला ऑनलाइन मोजके सेकंद मिळतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. त्याने किती लावले आणि किती वेळ घेतला, एवढंच कळतं.

मी ३०० भरले. आली चौकट दुर्री. त्याने ६०० लावले. पुन्हा तीच किंमत, चौथा हिस्सा. संभाव्यता ४६ पैकी ९, वीस टक्क्यांच्या आत. मी म्हटलं, इतके घातलेच आहेत, आणि भरले. जे घातले ते पॉटचे झाले होते, माझे राहिले नव्हते. पण रात्री दीड वाजता हे कोणाला सुचतं?

शेवटचं पान आलं बदाम तिर्री. मी २४०० रुपयांचा पॉट जिंकलो.

मित्रांनो, माझं नुकसान त्या जिंकण्याने केलं. हरलो असतो तर वहीत हिशेब मांडून चूक शोधली असती. जिंकल्यामुळे वाटलं, आपल्याला खेळ कळला. पुढचे सात महिने मी प्रत्येक अपुऱ्या हातामागे धावलो. डाव संपला की दुसरा लगेच वाटला जातो, आणि खेळवणारा बहुतेक पॉटमधून आपला वाटा कापून घेतो. एक लाख अठरा हजार रुपये गेले. ते लेकीच्या अकरावीच्या क्लासचे होते. बायकोला सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून आधी या सभागृहात बसलेल्या एका मित्राला फोन केला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, सर तुला या गणिताला किती गुण देतील?"

सरांची पद्धत तुम्हाला आठवत असेल. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळायचे. पण उत्तर बरोबर आणि पायऱ्या चूक असतील, तर सर वहीत लाल शाईने विचारायचे, "उत्तर कुठून आणलंस?" आणि शून्य. त्या रात्रीचे माझे २४०० रुपये हे तसलं उत्तर होतं.

त्याच आठवड्यात बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी हिशेबाची वही घेऊन शेजारी बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. माझं त्याआधीच सुटलं होतं.

१६५४ साली फ्रान्समध्ये पास्काल आणि फर्मा यांनी अर्ध्यावर थांबलेल्या डावाचे पैसे कसे वाटायचे यावर पत्रव्यवहार केला, आणि त्यातून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. अपुरा हात म्हणजेही अर्ध्यावरचा डाव. पुढचं पान आपल्या हातात नसतं. ते उघडण्याआधी मांडलेल्या पायऱ्या तेवढ्या आपल्या असतात. आणि पहिली पायरी असते, हे पैसे लावायला माझे आहेत का? ती मी कधी मांडलीच नव्हती.

सर, पंचवीस वर्षं उशीर झाला, पण गणित पुन्हा सोडवून आणलं आहे. या वेळी पायऱ्यांसकट.