ताईच्या चालीनं

मी पुण्यातल्या बुधवार पेठेतून बोलते आहे. इथल्या आणि आजूबाजूच्या पेठांमधल्या बचत गटांची मी समन्वयक आहे. एरवी या कार्यक्रमात मी कर्जाचे हप्ते, हिशेबाची वही, बँकेतली कामं याबद्दल बोलते. आज मात्र माझ्या ताईबद्दल आणि आम्ही दोघी बहिणी मिळून एकवीस किलोमीटर कशा धावलो याबद्दल सांगणार आहे.

हसू नका. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

माझी ताई पंचेचाळीस वर्षांची आहे आणि मी छत्तीस. ताईला सासवडकडच्या एका गावात दिली आहे. दोन एकर रान आहे, त्यात अंजीर आणि सीताफळ. पहाटे उठून फळं तोडायची, पाट्या भरायच्या, बाजाराला पाठवायच्या, की झाली तिची सकाळ. आम्ही लहान असताना आई मजुरीला जायची. मला सांभाळायला घरी कोणी नाही, म्हणून ताईनं नववीतून शाळा सोडली. पुढं मी हायस्कूलला जायला लागले तेव्हा शाळा घरापासून तीन किलोमीटर लांब होती. रस्त्यात ओढा होता. ताई माझं दप्तर घेऊन रोज शाळेच्या फाटकापर्यंत यायची. फाटकाशी दप्तर माझ्या हातात द्यायची आणि मागे फिरायची. मी बी.ए. झाले ते त्या दप्तरावर.

आईला साखरेचा आजार होता. तो कळला तेव्हा फार उशीर झाला होता. शेतात पायाला साधा काटा लागला, जखम चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. जी बाई आयुष्यभर पायांवर उभी राहिली, ती शेवटची तीन वर्षं खाटेवर होती. आम्ही दोघींनी ते पाहिलं आहे.

गेल्या वर्षी ताईच्या गटात तपासणीचं शिबिर झालं. ताईची साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, औषध लगेच नको, पण वजन कमी करा आणि रोज भरभर चाला. त्या रात्री ताईचा फोन आला. ती म्हणाली, "बारके, मला आईसारखं झोपून राहायचं नाही." एवढंच बोलली आणि गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी माझी साखर तपासून घेतली. ती ठीक होती, पण हिमोग्लोबिन नऊ निघालं. बाईचं ते निदान बारा तरी हवं. पायऱ्या चढताना धाप का लागते, ते तेव्हा कळलं.

मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मग आम्ही दोघींनी ठरवलं, चालायचं. पण ती तिकडं, मी इकडं. मग एक युक्ती काढली. पहाटे सव्वापाचला निघताना एक मिस कॉल द्यायचा, घरी परतल्यावर दोन. जिचा मिस कॉल येणार नाही तिला दुसरीनं फोन करून उठवायचं. पैसा खर्च नाही आणि दांडी मारायची सोय नाही.

मी इथून निघायचे ते मंडईवरून सारसबागेला. पहाटे आमची पेठ वेगळीच दिसते. दगडूशेठ गणपतीपाशी फुलवाल्या बायका हार ओवत असतात. मंडईत भाजीच्या गाड्या रिकाम्या होत असतात. लक्ष्मी रस्ता, जिथं दिवसा पाय ठेवायला जागा नसते, तो मोकळा असतो. बुधवार पेठ म्हटलं की काही लोक डोळे मिचकावतात. कशावरून ते तुम्हाला सांगायला नको. त्या गल्ल्यांतल्या बायकाही बायकाच आहेत. त्यांच्यातल्या दोघी-तिघी मला रोज पहाटे बघून आधी हसायच्या, नंतर विचारायच्या, "आज उशीर झाला का गं?"

आमच्या या पेठेतच भिडे वाडा होता. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथं. शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं, चिखल फेकला. बाई रस्त्यावरून स्वतःच्या कामाला निघाली, एवढंच निमित्त. त्या रस्त्यांवरून जाताना मला वाटायचं, आपल्याला फार तर कोणीतरी हसेल. तेवढं सोसायला काय हरकत आहे?

ताईचं अवघड होतं. गावात बाई रस्त्यानं पळताना दिसली की लोक विचारतात, "काय झालं? कोण गेलं?" तिला पहिल्या आठवड्यात चौघांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, या वयात पंजाबी ड्रेस? ताई म्हणाली, "आत्या, साडीत पाय अडकून पडले तर दवाखान्याचा खर्च जास्त येईल." सासूबाई गप्प बसल्या. पुढं त्याच पहाटे हाक मारून उठवायला लागल्या.

ज्येष्ठात माउलींची पालखी पुण्याहून सासवडला गेली. दिवे घाटातून तो सगळा टप्पा एका दिवसात होतो, तीस किलोमीटरच्या वर. ताई दरवर्षी त्या दिवशी दिंडीबरोबर चालते. वारी झाल्यावर मी तिला म्हटलं, पुण्यात डिसेंबरात हाफ मॅरेथॉन आहे, एकवीस किलोमीटर, धावू या का? ती म्हणाली, "तीस चालणारी बाई एकवीसला कशाला भिईल?"

तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते, हाफ म्हणजे तिच्या निम्मी. बाईला एवढं अंतर झेपणारच नाही, असं मोठमोठे लोक म्हणत. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या शर्यतीत कॅथरिन स्विट्झर नावाची मुलगी छातीवर नंबर लावून धावत होती. बाई धावते आहे हे पाहून शर्यतीतला एक अधिकारी तिचा नंबर ओढायला मागून आला. ती थांबली नाही, तिनं शर्यत पुरी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं. आपल्याकडं बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. म्हणजे पाय होतेच, अडवणारे दुसरेच होते.

आम्ही तयारी केली ती अशी. डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. आधी वीस मिनिटं, त्यात दोन मिनिटं हळू धावायचं, तीन मिनिटं चालायचं. आठवड्यातून तीन दिवस धावणं आणि रविवारी लांबचं अंतर. रविवारचं अंतर पाच किलोमीटरपासून सुरू केलं आणि हळूहळू वाढवत दिवाळीनंतर अठरापर्यंत नेलं. वेगाचं माप एकच, धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला.

ताईनं सुरुवात चपलेवर केली, मग मुलाचे कॅनव्हासचे बूट घातले. ते मोठे होते. दोन नखं काळी झाली. साखर असलेल्या माणसानं पायाशी खेळ करू नये, हे आम्ही आईच्या बाबतीत शिकलो होतो. मग तिच्या मापाचे बूट घेतले. ते पैसे आणि दोघींच्या नावनोंदणीची फी मी घरखर्चातून थोडी थोडी बाजूला टाकली होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ताई एसटीनं आली. रात्री आम्ही पिठलं-भात खाल्ला आणि लवकर आडव्या झालो. झोप दोघींनाही नाही. अंधारात ताईला म्हटलं, "सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर राहायचं बरं का." ती म्हणाली, "बरं."

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. पण त्यासाठीच तर हे भाषण आहे.

सकाळी सहाला शर्यत सुटली. केवढी माणसं! ढोल-ताशा, टाळ्या. माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले. ताई म्हणाली, "सावकाश, बारके." मी दोन किलोमीटर ऐकलं. मग माझ्या डोक्यात आलं, अडीच तासांत पुरं केलं तर गटाच्या सगळ्या बायकांना फोनवर टाकता येईल. ताईला म्हटलं, "मी पुढच्या पाण्याच्या टेबलापाशी थांबते." आणि गेले. तिथं मी थांबले. चार मिनिटं गेली, ताई आली, त्याच चालीनं. मला चार मिनिटं वाया गेल्याचा राग आला होता. पुढच्या टेबलाशी परत तेच झालं. तिसऱ्या टेबलापाशी मी थांबलेच नाही.

मैत्रिणींनो, जी मुलगी माझं दप्तर घेऊन रोज सहा किलोमीटर जाऊन-येऊन करत होती, तिला मी मागं टाकून गेले. ती काही बोलली नाही. तिनं आयुष्यात कधीच काही म्हटलेलं नाही.

पंधराव्या किलोमीटरच्या पाटीपाशी माझ्या पोटरीत गोळा आला. पाय दगडासारखा झाला. मी फुटपाथवर बसले. उठता येईना. माणसं पुढून जात होती. मला रडू यायला लागलं, दुखण्याचं कमी आणि लाजेचं जास्त. बऱ्याच वेळानं लांबून ताई दिसली. सुरुवातीला होती तीच चाल. घाई नाही, दम नाही. माझ्याजवळ येऊन ती खाली बसली, पोटरी चोळली, पायाचा अंगठा माझ्या बाजूला ओढून धरला. ओढणीच्या टोकाला बांधलेली मीठ-साखरेची पुडी काढली आणि पाण्यात घालून दिली.

मी म्हटलं, "ताई, तू जा पुढं. तुझी वेळ चांगली येईल."

ती म्हणाली, "ऊठ. शाळा काही लांब नाही."

एवढंच. का पुढं गेलीस, असं विचारलं नाही. पुढचे दोन किलोमीटर आम्ही चाललो. ती एकदाही माझ्या पुढं गेली नाही. मग हळूहळू धावायला लागलो. शर्यतीची मुदत साडेतीन तासांची होती. आम्ही तीन तास बारा मिनिटांत पोचलो. ताई एकटी असती तर पंधरावीस मिनिटं तरी आधी आली असती.

शेवटी कमान आली. मी ताईचा हात धरला. ती सवयीनं जरा मागं सरकली, मला पुढं जाऊ द्यायला. मी म्हटलं, "आज फाटकातून आत यायचं." आम्ही दोघी एकदमच आत गेलो. कागदावर दोघींची वेळ एकच आहे. ताईनं पदक गळ्यात न घालता पिशवीत ठेवलं. गावी गेल्यावर सासूबाईंनी ते देव्हाऱ्याशेजारी टांगलं.

ताईची साखर तीन महिन्यांनी तपासली. ती आता काठाच्या आत आली आहे. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका, तपासणीही सोडू नका. माझं हिमोग्लोबिनही बाराच्या जवळ आलं आहे.

माझ्या कामातही एक गोष्ट बदलली. आमच्या एका गटात एक बाई तीन हप्ते मागं होती. पूर्वी मी बैठकीत सगळ्यांसमोर तिचं नाव वाचायचे. या वेळी मी आधी तिच्या घरी गेले. नवऱ्याचं काम सुटलं होतं, तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. बैठकीत आम्ही तिचा हप्ता निम्मा केला आणि मुदत वाढवली. ती आता फेडते आहे. बरोबर जायचं म्हणजे जिची चाल हळू आहे तिच्या चालीनं जायचं, हे मी तोंडानं कितीदा शिकवलं होतं. कळलं मात्र त्या फुटपाथवर.

जाता जाता कामाचं सांगते. पाहणीनुसार महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून सुरू करण्याआधी उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी लांब जाऊ नका, एखादं केळं खा. मीठ-साखरेचं पाणी करताना एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंधारात एकटीनं जाऊ नका. घरी आल्यावर पाय धुवा, पुसा आणि तळवे बघा.

आणि एक मैत्रीण शोधा. बहीण असेल, जाऊ असेल, गटातली कोणी असेल. शेजारी नसली तरी मिस कॉलवर चालते. धावलंच पाहिजे असं नाही, वीस मिनिटं भरभर चाललात तरी पुष्कळ.

उद्या सव्वापाचला ताईचा मिस कॉल येईल. तिला या भाषणाचं मी सांगितलेलं नाही. पण सकाळी रान बघताना ती रेडिओ लावते. ताई, ऐकत असशील तर, पुढच्या डिसेंबरात तुझ्या चालीनं.