फिरत्या दवाखान्याचे छत



दुर्गम पाड्यांवर जाणाऱ्या फिरत्या दवाखान्याचे इंजिन वेळच्या वेळी तपासले जाते. छताकडे मात्र पावसाची पहिली धार आत येईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तोवर औषधांची खोकी भिजलेली असतात, आणि भिजलेली गोळी रुग्णाला देता येत नाही.

छत गळते ते बहुधा पत्र्यातून नव्हे, सांध्यांतून. अशा अनेक गाड्यांत लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी जडविलेला असतो. उन्हाने अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ही रोजची ओढाताण व रस्त्याचे हादरे यांनी सांध्यातील सीलंट तडकते. पाणी शिरते एकीकडे, टपकते दुसरीकडे. म्हणून आत डाग दिसला त्याच्याच वर लेप लावणे बहुधा व्यर्थ.

मे महिन्यात, सकाळी पत्रा थंड असताना, फळी टाकून छतावर चढावे. जुने सीलंट खरवडून पत्रा पुसावा, पूर्ण कोरडा करावा. काम कंटाळवाणे खरे. पण जुन्यावरच नवा थर चढविण्याची जी रीत पडली आहे, तीच पुढील गळतीचे मूळ ठरते. सिलिकॉनच्या थरावर तर दुसरे काहीच नीट चिकटत नाही. सांध्यांसाठी लवचिक पॉलियुरेथेन सीलंट बरे. सैल रिव्हेट बदलावेत, झडपेभोवतीची रबरी पट्टी पाहावी.

सीलंट सुकल्यावर नळीने पाणी सोडावे, तेही खालच्या सांध्यापासून वर. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे. वरून आरंभ केल्यास सारेच सांधे भिजतात आणि दोषी सांधा सापडत नाही. तपासणीची तारीख लॉगबुकात लिहावी; चालक बदलतात, गाडी तीच राहते.